आठ किलोचं रॉकेट खाली आणताना: पॅराशूट, पिना, गॅस आणि सांधे

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांचा एक गट फायबरग्लासचं रॉकेट बांधतोय. नळीचा आतला व्यास १०० मिलिमीटर, लांबी सव्वादोन मीटर, मोटर जळून गेल्यावरचं वजन ८ किलो, अपेक्षित उंची १५०० मीटर. मंगळबाजारातून रेनकोटचं कापड आणून १.२ मीटर व्यासाचं सपाट अष्टकोनी पॅराशूट शिवून घेतलंय. ते अपोजीला, म्हणजे रॉकेट सर्वांत उंच पोचल्यावर, एकदाच उघडायचा बेत आहे. पॅराशूट नळीतून बाहेर ढकलायला ब्लॅक पावडर मिळत नाही, तर सीओटूची, म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरलेली, काडतुसं चालतील का? नळ्या जोडून धरणाऱ्या पिना किती लावायच्या? उंची मोजून पॅराशूट उघडायचा इशारा देणारा अल्टिमीटर एक पुरेल का?

आधी उत्तर, मग कारणं. पॅराशूट लहान आहे, कापड बदला, एकदाच उघडायचा बेत सोडा, सीओटू चालेल, अल्टिमीटर दोन लावा. कापड फाटल्यामुळे रॉकेट जमिनीत घुसलं असं फार क्वचित होतं. पॅराशूट नळीतून बाहेरच आलं नाही, नको तेव्हा आलं, किंवा ते ज्याला बांधलं होतं तेच सुटलं, ही खरी कारणं. त्यामुळे शिवणकामात जेवढा जीव ओतताय त्याच्या दुप्पट सांध्यांत ओता.

आता आकडे. उतरण्याचा वेग काढायला न्यूटनमधलं वजन दुप्पट करायचं, हवेची घनता, ड्रॅग गुणांक (आकार हवेला किती अडवतो त्याचा आकडा) आणि पॅराशूटचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. ८ किलोचं वजन साडेअठ्ठ्याहत्तर न्यूटन, दुप्पट १५७. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५-४० मीटरवर, म्हणून घनता १.१५ किलो प्रति घनमीटर धरा. जानेवारीतली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत घनतेमुळे वेगात चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो, त्याच्या मागे लागू नका. सपाट पॅराशूटचा गुणांक ०.७५ च्या आसपास असतो. १.२ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर. उत्तर येतं सेकंदाला १२.७ मीटर. सव्वाआठ मीटर उंचीवरून सोडून दिलेली वस्तू याच वेगाने जमिनीवर येते. म्हणजे एकमजली घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून रॉकेट खाली टाकल्यासारखं. उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या मातीवर फिन, म्हणजे शेपटीकडचे पंख, मुळाशी सुटणार हे नक्की.

लक्ष्य ५ ते ६.५ मीटर प्रति सेकंद ठेवा. ६ मीटरसाठी अर्धगोल पॅराशूट घेतलं तर त्याचा गुणांक तोंडाच्या क्षेत्रफळावर १.५ च्या जवळ असतो. क्षेत्रफळ हवं २.५३ चौरस मीटर, म्हणजे व्यास १.८ मीटर. तेच सपाट पॅराशूट घ्यायचं तर व्यास अडीच मीटर लागतो आणि ते झोके खात उतरतं. विकत घेणार असाल तर विक्रेत्याने गुणांक कोणत्या क्षेत्रफळावर सांगितलाय ते विचारा. कोणी तोंडाचं धरतं, कोणी पूर्ण पसरलेल्या कापडाचं, आणि त्याच पॅराशूटचे दोन आकडे एकमेकांच्या निम्मे-दुप्पट निघतात.

रेनकोटच्या कापडाला आतून पीव्हीसी किंवा पीयूचा लेप असतो. एक तर ते जड. दुसरं म्हणजे घट्ट घडी घालून नळीत कोंबलेलं असं कापड उन्हात स्वतःलाच चिकटतं, आणि आपल्याकडे एप्रिलनंतर नळीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. तिसरं, त्यातून हवा अजिबात झिरपत नाही, त्यामुळे उघडताना झटका जास्त आणि उतरताना डोलणं जास्त. साधं रिपस्टॉप नायलॉन घ्या, चौरस मीटरला ३५ ते ४५ ग्रॅम. सुरत जवळ आहे, कापड मिळवणं कठीण नाही. फक्त पतंगाचं किंवा छत्रीचं म्हणून मिळणारं कापड अनेकदा पॉलिस्टरचं असतं. ते कमी ताणतं, म्हणून झटका शिवणीवर येतो. चालतं, पण नायलॉन मिळत असेल तर नायलॉनच.

१.८ मीटरच्या अर्धगोलाला १२ पाकळ्या करा. पाकळीची उंची, म्हणजे तोंडापासून माथ्यापर्यंतची कमानीची लांबी, १४१४ मिलिमीटर. तळाची रुंदी ४७१. मधल्या रुंदीसाठी कोनाचा कोसाइन वापरायचा: ३० अंशांवर, म्हणजे तळापासून ४७१ मिलिमीटर वर, रुंदी ४०८, ६० अंशांवर, ९४३ मिलिमीटरवर, २३६. मधले बिंदू असेच काढून जाड पुठ्ठ्याचा साचा कापा आणि दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर शिवणीसाठी सोडा. पाकळ्या उलटसुलट मांडल्या तर दीड मीटर पन्ह्याचं कापड ५ मीटर पुरतं. माथ्यावर व्यासाच्या दहा टक्के, म्हणजे १८ सेंटिमीटरचं भोक ठेवा. क्षेत्रफळ एकच टक्का जातं, डोलणं मात्र बरंच कमी होतं.

शिवण दुमडून दुहेरी टाचेची, जीन्सच्या बाहेरच्या शिवणीसारखी, एकात एक अडकलेली. दोरा बाँडेड नायलॉनचा, बॅगा शिवणाऱ्यांकडे असतो तो. सुती किंवा साधा शिंप्याचा दोरा नको. टाका ३ मिलिमीटरचा. बारीक टाका घातला की शिवण मजबूत होते हा समज चुकीचा आहे. भोकं जवळजवळ पडली की कापड तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. दोऱ्या तोंडाच्या कडेला नुसत्या टाचू नका. प्रत्येक दोरी शिवणीवरून माथ्यापर्यंत नेऊन पलीकडच्या बाजूने खाली आणा, म्हणजे ओढ कापडावर न येता दोरीच्या दोरीतच राहते. मोकळ्या दोरीची लांबी व्यासाच्या सव्वा पट, इथे सव्वादोन मीटर. सगळ्या दोऱ्या एकाच ताणाखाली मोजून कापा. एक दोरी दोन सेंटिमीटर आखूड राहिली तरी पॅराशूट त्या बाजूला कलून फिरायला लागतं.

आता एकदाच उघडायचं की दोनदा. १५०० मीटरवरून ६ मीटर प्रति सेकंदाने उतरायला २५० सेकंद लागतात. वारा ५ मीटरचा धरला, आणि वर तो जमिनीपेक्षा जास्तच असतो, तर रॉकेट सव्वा किलोमीटर वाहत जाणार. बडोदा जिल्ह्यात सव्वा किलोमीटरच्या पट्ट्यात उंच वाढलेली तूर, एरंडा, विजेच्या तारा आणि कुठे कुठे नर्मदेचा मुख्य कालवा, यांतलं काहीतरी येतंच. त्याऐवजी अपोजीला ड्रोग, म्हणजे वेग आवरणारं छोटं पॅराशूट, उघडा, २०० मीटरपर्यंत २५ मीटर प्रति सेकंदाने उतरा आणि मग मेन, म्हणजे मुख्य मोठं पॅराशूट, उघडा. १३०० मीटरला ५२ सेकंद, उरलेल्या २०० ला ३३. एकूण ८५ सेकंद आणि ४२५ मीटर वाहणं. ड्रोगचा व्यास ४३ सेंटिमीटर येतो. ४५ चा शिवा. ड्रोग फार मोठा करण्याचा मोह टाळा, तो वाहण्याचा वेळ परत आणतो. फार लहानही नको, कारण मेन उघडतानाचा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो.

तो झटका किती, हे एकदा कागदावर मांडल्याशिवाय कोणता बोल्ट घ्यायचा हे कळत नाही. मेन ६ मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर न्यूटन ओढतं. २५ मीटरला ते अचानक पूर्ण उघडलं तर वेगाच्या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे सतरा पटीहून थोडं जास्त: सुमारे १३५० न्यूटन. आता ड्रोग बाहेर आलाच नाही आणि रॉकेट ६० मीटर वेगाने पडताना मेन उघडलं असं धरा. शंभर पट, ७८५० न्यूटन, आठशे किलोची ओढ. प्रत्यक्षात पॅराशूट उघडता उघडता रॉकेटचा वेग उतरतो, म्हणून आकडा यापेक्षा कमी येतो, पण सांधे मी म्हणेन या वाईट आकड्यालाच टिकतील असे घ्या. एवढ्या आकाराच्या रॉकेटमध्ये त्यासाठी शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाढतं, बस्स.

म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला तार वाकवून केलेला आयबोल्ट घेऊ नका. त्याचा डोळा बंद दिसतो, पण जोडलेला नसतो. ओढ आली की उलगडतो. घडीव आयबोल्ट घ्या. एम-८ मापाच्या डीआयएन ५८० आयबोल्टची सरळ ओढीची कामाची मर्यादा १४० किलो असते आणि तुटण्याची त्याच्या कित्येक पट वर. नाहीतर ६ मिलिमीटर सळईचा यू-बोल्ट, दोन्ही पायांखाली पट्टी आणि लॉकनट. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत कोणताही टर्नर तो तासाभरात करून देईल. जोडायला स्टेनलेसच्या ६ मिलिमीटर क्विक लिंक (नटने बंद होणाऱ्या कड्या), नट पान्याने आवळलेला. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसले ॲल्युमिनियमचे हुक शोभेचे असतात. बल्कहेड, म्हणजे नळी आडवी बंद करणारी चकती, कमीत कमी ६ मिलिमीटर फायबरग्लास किंवा ९ मिलिमीटर मरीन प्लाय, आणि एव्हिऑनिक्स बेच्या (इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्याच्या) दोन्ही बल्कहेडना जोडणाऱ्या एम-६ च्या दोन सळया आरपार. ओढ बल्कहेडच्या गोंदावर न येता सळयांतून जायला हवी.

शॉक कॉर्ड, म्हणजे सुटलेले भाग आणि पॅराशूट एकत्र बांधून ठेवणारी दोरी, लांब ठेवा, रॉकेटच्या लांबीच्या चार पट. इथे प्रत्येक बाजूला ९ मीटर. केव्हलर मजबूत आणि आगीला पुरून उरणारं, पण ताणत नाही. ट्युब्युलर नायलॉन ताणतं, झटका पितं, पण वितळतं. सीओटूमध्ये आग नसल्यामुळे तुम्हाला १४ मिलिमीटरचं ट्युब्युलर नायलॉन पूर्ण लांबीला चालेल, फक्त नळीच्या कडेवर घासणाऱ्या पहिल्या मीटरवर केव्हलरची म्यान चढवा. कॉर्ड दहा-बारा नागमोडी गड्ड्यांत घडी घालून प्रत्येक गड्डीला कागदी मास्किंग टेपचा एक वेढा द्या. भाग सुटून लांब जाताना एकेक टेप फाटत जाते आणि वेग टप्प्याटप्प्याने मरतो. नळी चिरण्याचा प्रकार, ज्याला झिपरिंग म्हणतात, यानेच बहुतेक वेळा टळतो. अपोजी चुकून दोन सेकंद उशिरा पकडली गेली तर रॉकेट तोवर २० मीटर प्रति सेकंदाने खाली यायला लागलेलं असतं आणि ताठ कॉर्ड नळीची भिंत कापत जाते. फायबरग्लास बऱ्यापैकी सोसतं, पुठ्ठ्याची नळी अजिबात नाही.

आता पिना, म्हणजे नायलॉनचे स्क्रू जे दोन नळ्या एकत्र धरतात आणि गॅसचा दाब आला की कापले जातात. त्यांचं काम दोन विरुद्ध दिशांनी ठरतं: नको तेव्हा तुटू नयेत, हवं तेव्हा नक्की तुटाव्यात. एम-२ नायलॉन स्क्रू एकेरी कापाला १००-१५० न्यूटन घेतो. मी हिशेबाला १३० धरतो. पण विकत आणलेल्या प्रत्येक पाकिटातले चार-पाच तपासा. तीन-तीन मिलिमीटरच्या दोन लोखंडी पट्ट्यांत भोक पाडा, स्क्रू घाला, वरची पट्टी टांगा, खालच्या पट्टीला बादली लावा आणि पाणी ओतत जा. १३ लिटरच्या आसपास तुटायला हवा. नायलॉन दमट हवेत मऊ आणि कोरड्या थंडीत ठिसूळ होतं, म्हणून पावसाळ्यात तपासलेल्या पिनांवर डिसेंबरात विसंबू नका.

पिनांशिवाय काय होतं? नळी जमिनीवर बंद केली तेव्हाची हवा आत कोंडलेली असते. १५०० मीटरवर बाहेरचा दाब साधारण १७ किलोपास्कलने कमी होतो. १०० मिलिमीटर व्यासावर तो १३० न्यूटनची ढकल देतो, म्हणजे एक पिन जवळपास याच कामात खर्ची पडते. म्हणून प्रत्येक पॅराशूट बेला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा, हवा निघून जाईल. गॅसचा धक्का क्षणात येतो, त्याला एवढंसं भोक काही नुकसान करत नाही. दुसरी गोष्ट, मोटर विझल्यावर मागचा भाग फिनांच्या ड्रॅगमुळे जास्त मंदावतो आणि जड नोज कोन, म्हणजे रॉकेटचं टोक, पुढे ओढतो. फक्त घर्षणावर बसवलेला सांधा इथे पूर्ण वेगात उघडतो, आणि त्यानंतर वेचायला तुकडेच उरतात.

तिसरं कारण सर्वांत फसवं आहे. ड्रोगचा सांधा उघडतो, दोन भाग सेकंदाला दहा मीटरने लांब जातात आणि कॉर्ड ताठ होते. मेन ज्या बेमध्ये आहे तिथल्या पिनांवर आता नोज कोनाचं वजन झटक्याने येतं. नोज कोन दीड किलोचा असेल आणि लांब, टेप लावलेली कॉर्ड त्याला एक दशांश सेकंदात थांबवत असेल, तर पिनांवर १५० न्यूटन. आखूड केव्हलरने तेच दोन शतांश सेकंदात केलं तर ७५०. तीन एम-२ पिना ३९० घेतात. म्हणजे आखूड कॉर्ड असेल तर मेन अपोजीलाच बाहेर पडणार आणि रॉकेट सव्वा किलोमीटर वाहत जाणार. दोष अल्टिमीटरला दिला जाणार. अल्टिमीटरची नोंद उघडून बघा: मेनचा सिग्नल त्याने बरोबर २०० मीटरलाच दिलेला दिसेल.

तुमच्या रॉकेटला मेनच्या सांध्यावर तीन आणि ड्रोगच्या सांध्यावर दोन एम-२ पिना ठीक आहेत. पाउण ते एक बार जादा दाब हे लक्ष्य धरा. एक बारला १०० मिलिमीटर व्यासावर ७८५ न्यूटन मिळतात, तीन पिनांच्या दुप्पट. ही दुप्पट सोडू नका. पाकिटापाकिटातला फरक, कपलरचं, म्हणजे दोन नळ्या जोडणाऱ्या आतल्या नळीचं, घर्षण आणि गळती यांत ती सगळी जिरते.

सीओटूचा हिशेब असा. मेनचा बे ४० सेंटिमीटर लांब, आकारमान ३.१४ लिटर. त्यात घडी घातलेलं कापड आहे म्हणून आकारमान कमी धरायचा मोह होतो, पण घडीच्या आत मुख्यतः हवाच असते. रिकामा बे धरा. एक बार जादा दाबासाठी खोलीच्या तापमानाला साडेपाच ग्रॅमच्या वर गॅस लागतो. काडतूस फुटल्यावर गॅस प्रचंड थंड होतो, काही भागाचा बर्फ होतो, थोडा सांध्यातून गळतो. म्हणून दुप्पट: १२ ग्रॅमचं काडतूस. ड्रोगचा बे ३० सेंटिमीटर असेल तर ८ ग्रॅमचं पुरतं. मागे राहणारा राखीव डोस नेहमी एक आकार मोठा घ्या, ८ मागे १२ आणि १२ मागे १६. पहिला चालला नाही याचं कारण बहुधा सांधा घट्ट हेच असतं, मग तेवढाच डोस पुन्हा देऊन काय साधणार?

काडतूस फोडायचं यंत्र घरी करणार असाल तर सर्वोला, म्हणजे इशाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या मोटरला, फोडायचं काम देऊ नका. सर्वोने फक्त खटका ओढावा. सुई ढकलण्याचं काम आधीच दाबून ठेवलेल्या स्प्रिंगचं. सुई भरीव गोल असेल तर ती स्वतःच पाडलेल्या भोकात बूच होऊन बसते आणि गॅस सुस्कारा टाकत निघतो. सुईच्या एका बाजूला कानशीने सपाट चपटी जागा करा. आणि एक गोष्ट जमिनीवर लक्षात येत नाही: काडतूस तोंड वर करून उभं असताना आधी गॅस निघतो, उलटं असताना द्रव निघतो. अपोजीच्या वेळी रॉकेट जवळजवळ वजनरहित असतं, त्यामुळे द्रव कुठेही असू शकतो. म्हणून चाचणी दोन्ही स्थितीत घ्या आणि जी वाईट चालेल तिच्यावर डोस ठरवा. काडतुसावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. ती गंमत नाही; काळ्या रंगाचं रॉकेट मेमध्ये तासभर पॅडवर उभं ठेवलं तर आत तेवढं होतं. रॉकेट पांढरं रंगवा आणि काडतुसं शेवटच्या अर्ध्या तासात बसवा.

ब्लॅक पावडरबद्दल: परदेशात छंदवाले सर्रास तीच वापरतात, पण आपल्याकडे ती १८८४ च्या एक्सप्लोझिव्हज ॲक्टखाली येते आणि त्याचं काम बघणाऱ्या पेसो या केंद्रीय सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर ते प्रकरण सुरू करून वर्ष घालवण्यापेक्षा सीओटू बरा. दिवाळीतला सुतळी बॉम्ब सोलून दारू काढायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथल्या तिथे मारा. ते वेगळं मिश्रण असतं, घर्षणाने पेटतं, पेटल्यावर नळी ढकलत नाही तर फोडते, आणि बोटं जातात.

एव्हिऑनिक्स बे. बॅरोमीटरवर चालणारा अल्टिमीटर बाहेरचा दाब वाचून उंची ठरवतो, म्हणून बेला बाहेरची हवा दाखवणारी भोकं हवीत आणि पॅराशूट बेचा गॅस मात्र आत येता कामा नये. बे २० सेंटिमीटर लांब असेल तर आकारमान १.५७ लिटर, त्याला तीन भोकं, प्रत्येकी ३.६ मिलिमीटर, १२० अंशांवर. दोन भोकं समोरासमोर पाडू नका, आडवा वारा आरपार वाहून वाचन हलवतो. भोकांच्या पुढे रॉकेटला लाँच रेलवर धरणारं बटण किंवा स्क्रूचं डोकं नको, कडा स्वच्छ हव्यात. सळया आणि वायर बल्कहेडमधून जातात तिथे सिलिकॉन भरा. ड्रोगचा गॅस बेमध्ये शिरला की दाब वाढतो, अल्टिमीटरला वाटतं रॉकेट खाली आलं, आणि तो लगेच मेन उघडतो. अपोजीला मेन बाहेर येण्याचं हे दुसरं कारण, आणि पिना तुटण्याच्या पहिल्या कारणापासून ते वेगळं ओळखणं सोपं आहे: नोंदीतल्या आलेखात ड्रोगच्या क्षणी उंची अचानक कोसळलेली दिसते.

दोन अल्टिमीटर, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे. दोघांची बॅटरी वेगळी, स्विच वेगळा, सर्वो आणि काडतूस वेगळं. एक बॅटरी दोघांना दिली तर ते दोन नाहीत, दीड आहेत. दुसऱ्याला अपोजीनंतर दीड सेकंद थांबायला सांगा आणि मेन १५० मीटरला लावा, म्हणजे दोन्ही काडतुसं एकदम फुटून सांधा चिरणार नाही. गगनयानच्या क्रू मॉड्यूलला दहा पॅराशूट आहेत. त्यांतली तीन मेन, आणि दोन उघडली तरी ते सुरक्षित उतरतं, हा विचार तोच. स्विच स्क्रूचा घ्या. सरकता स्विच रॉकेटच्या अक्षाला समांतर बसवला तर उड्डाणाच्या झटक्याने तो बंद होऊ शकतो. स्क्रू टर्मिनलमध्ये घालायच्या वायरच्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड ढिली होते. सर्वोला ऐन वेळी एक-दोन अँपिअर लागतात, त्याला अल्टिमीटरच्या बॅटरीवर बसवलं तर व्होल्टेज खाली जाऊन अल्टिमीटर रीसेट होतो. सर्वोची बॅटरी निराळी ठेवा.

घडी घालताना पाकळ्या एकावर एक, वह्यांच्या गठ्ठ्यासारख्या सरळ रचा, दोऱ्या मोकळ्या सोडा, कापड इंग्रजी झेडसारखं दुमडा, मग दोऱ्या सैल वेढ्यांत वर गुंडाळा. रबरबँड लावून ठेवण्याची सवय असेल तर रबरबँडला लांब लाल फीत बांधा, कारण तो काढायचा विसरणं हा रॉकेट गमावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. घडी घातलेलं पॅराशूट नळीत हाताने, बोटाच्या ढकलीने जायला हवं. ठोकावं लागत असेल तर गॅसलाही तेवढंच ठोकावं लागणार. थोडी टाल्कम पावडर घाला. आणि महिनाभर आधी भरून ठेवू नका. आदल्या संध्याकाळी भरा.

जमिनीवरची चाचणी पूर्ण भरलेल्या रॉकेटवर करायची: तेच पॅराशूट, त्याच पिना, तेवढंच वजन. रॉकेट दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवा, समोर आणि मागे कोणी नको, बाजूला दहा मीटरवर चष्मा लावून उभे राहा. भाग सुटून कॉर्डचा बराचसा भाग बाहेर पडला पाहिजे आणि पॅराशूट नळीतून पूर्ण निघालं पाहिजे. कॉर्ड ताठ होऊन भाग परत उसळला तर डोस जास्त आहे. प्रत्येक सांध्याला लागोपाठ तीन यशस्वी चाचण्या, मधे एकही बदल न करता. एखाद्या चाचणीत तीनपैकी दोन पिना कापल्या आणि तिसरी वाकून ओढली गेली तर ती चाचणी नापास धरा, सांधा सुटला असला तरी. भोकं नीट जुळत नाहीत किंवा कपलर तिरका बसतोय असा त्याचा अर्थ. अल्टिमीटरसाठी हवाबंद काचेची बरणी आणि हातपंप पुरतो: सर्वोच्या जागी एलईडी लावा, हवा काढा, हळूहळू परत सोडा, आणि दोन्ही एलईडी कुठल्या क्रमाने पेटतात ते मोबाईलवर शूट करा.

ट्रॅकरसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल घ्या, आपल्याकडे त्याला वेगळा परवाना लागत नाही. ४३३ चे स्वस्त मॉड्यूल मिळतात म्हणून घेऊ नका. फायबरग्लासमधून सिग्नल जातो, कार्बन फायबरमधून नाही; नोज कोनावर हौसेने कार्बनचा थर चढवणार असाल तर ट्रॅकर दुसरीकडे ठेवा. सोबत एक मोठ्या आवाजाचा बझर हवाच. पुरुषभर उंचीच्या तुरीत जीपीएसचा ठिपका पाच मीटरच्या आत येऊनही रॉकेट दिसत नाही.

उडवण्याबाबत दोन शब्द. हरणीचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ जवळ असल्यामुळे शहराच्या आसपास १५०० मीटरचा विचारच सोडा. परवानगीची सुरुवात अहमदाबादला बोपळमध्ये असलेल्या इन-स्पेस या अंतराळ उपक्रमांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे लेखी विचारणा करून करा, मग हवाई वाहतुकीवाले आणि जिल्हाधिकारी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ चांगली, वारा अकरानंतर उठतो. उत्तरायणाच्या आगेमागे आठवडाभर मात्र नको: झाडांवर आणि तारांवर लटकलेला काचेचा मांजा दोऱ्यांना सहज कापतो. रॉकेट विजेच्या तारेवर अडकलं तर बांबूने काढायला जाऊ नका, वीज कंपनीला फोन करा. आणि ते जमिनीवर सापडलं तर कॉर्डला हात लावण्याआधी दोन्ही स्विच बंद करा. राखीव काडतूस न फुटता आत असू शकतं, स्प्रिंग अजून दाबलेली.